सत्तर वर्षे न बुडालेली बोट



विषयपत्रिकेवर आमचे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी अशी खूणगाठ बांधली असेल की, आज बोनस, महागाईभत्ता, नाही तर कंत्राटी कामगारांचा प्रश्न ऐकावा लागणार. पण नावाखाली विषय छापला आहे तो एका जुन्या अमेरिकन चित्रपटाचा. तेव्हा छापखान्याकडून काही घोटाळा झाला की काय, अशी शंका येणे साहजिक आहे. घोटाळा झालेला नाही. चालकांनी आम्हांला विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि आम्ही ती घेतली, इतकेच. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे चित्रपटकलेच्या शास्त्रीय परिभाषेत बोलणे आम्हांला जमणार नाही. परंतु एखादी वस्तू कशी बनवली आहे हे पाहण्याची खोड कारखान्यात लागते, आणि माणसे एकत्र का येतात व पुन्हा का फुटतात हे पाहण्याची सवय संघटनेत लागते. या दोन शिदोऱ्या घेऊन आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

चित्रपटाचे नाव 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने तो काढला आणि डिसेंबर 1954 मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर. कॅप्टन नेमोच्या भूमिकेत जेम्स मेसन, नेड लँड या भालेवाल्या खलाशाच्या भूमिकेत कर्क डग्लस, प्राध्यापक आरोनाक्सच्या भूमिकेत पॉल लुकास आणि त्यांच्या नोकराच्या भूमिकेत पीटर लॉरे. मूळ कादंबरी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची. ती 1869 आणि 1870 या दोन वर्षांत मासिकातून क्रमशः आली. व्हर्न यांच्या कथा आपल्याकडे भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या, त्यामुळे हे नाव आपल्याला परके नाही.

नावाबद्दलचा एक नेहमीचा गैरसमज आधी दूर करू. वीस हजार लीग ही खोली नव्हे. फ्रेंच लीग सुमारे चार किलोमीटरचा, म्हणजे वीस हजार लीग झाले 80,000 किलोमीटर. पृथ्वीवरचा सर्वांत खोल समुद्र अकरा किलोमीटरच्या आसपास; तेव्हा इतके खाली जायला जागाच नाही. पाण्याखाली राहून केलेला तो प्रवास आहे, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालण्याइतका.

कथा थोडक्यात सांगतो. साल 1868. सॅन फ्रान्सिस्को बंदरात अफवा उठली आहे की, पॅसिफिक महासागरात एक राक्षसी जनावर जहाजे फोडते. खलाशी जहाजावर चढायला तयार नाहीत. त्या जनावराचा शोध घ्यायला एक युद्धनौका निघते. तिच्यावर प्राध्यापक, त्यांचा नोकर आणि नेड असतात. नौकेवर हल्ला होतो, हे तिघे समुद्रात पडतात आणि शेवटी ज्याला जनावर म्हणत होते ती लोखंडाची पाणबुडी निघते. तिचे नाव नॉटिलस. तिचा कर्ता आणि कप्तान नेमो. लॅटिन भाषेत नेमो म्हणजे 'कोणी नाही'. जगाशी नाते तोडलेला हा माणूस शस्त्रास्त्रांचा माल वाहणारी जहाजे बुडवत हिंडतो.

आता प्रश्न असा की, त्या काळात असे साहसपट थोडे का निघाले? डझनावारी निघाले. त्यांतले बहुतेक आज कोणाला आठवतही नाहीत. मग ही एकच बोट सत्तर वर्षे पाण्यावर कशी राहिली? आमच्या मते याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण कारागिरीचे. आमच्या युनियनच्या कचेरीत शनिवारी संध्याकाळी आम्ही कधी कधी भिंतीवर पडदा लावून चित्रपट दाखवतो. हा चित्रपट दाखवला तेव्हा एक म्हातारे फिटर पडद्याजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या बोटीचे रिव्हेट मोजता येतात की हो!" आम्हांला वाटते, एवढ्या एका वाक्यात चित्रपटाचे अर्धे रहस्य आहे. हार्पर गॉफ नावाच्या चित्रकाराने ही बोट कल्पिली. शार्क आणि मगर या दोन प्राण्यांची रूपे त्याने डोळ्यांपुढे ठेवली. म्हणून तिला दात आहेत, पाठीला करवतीसारखा कणा आहे आणि अंधारात पेटणारे दोन डोळे आहेत. खलाशी तिला जनावर समजले, त्यात त्यांची काही चूक नव्हती, हे पाहणाऱ्याला लगेच पटते. आणि आत गेल्यावर मखमलीचे कोच, पुस्तकांची कपाटे आणि मोठा ऑर्गन. त्यावर नेमो बाखचे संगीत वाजवतो. बाहेर बॉयलरचा पत्रा आणि आत दिवाणखाना. कप्तानाचा सारा स्वभाव त्या बोटीत उतरला आहे.

त्यासाठी किती हात राबले ते पाहा. पाण्यातल्या दृश्यांसाठी डिस्नेच्या आवारात मोठ्या टाकीचा नवा स्टुडिओ बांधावा लागला. समुद्राखालची दृश्ये बहामा बेटांजवळ प्रत्यक्ष समुद्रात उतरून घेतली. सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत तेव्हा नवी होती आणि तिची भिंगे दुर्मिळ होती. त्यावर तोड म्हणून कारागिरांनी नॉटिलसची दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी एक अरुंद प्रतिकृती केली. साध्या भिंगाने ती टिपायची आणि पडद्यावर चित्र रुंद झाले की बोट बरोबर प्रमाणात दिसायची! हत्यार कमी पडले म्हणून काम न अडवता दुसरी वाट काढायची, ही बुद्धी आमच्या कारखान्यांतही आम्ही रोज पाहतो. तिला पारितोषिक मात्र क्वचित मिळते.

सर्वांत गाजलेले दृश्य म्हणजे महाकाय स्क्विड आणि नॉटिलसवरील खलाशी यांची झुंज. पहिल्या वेळी ते सूर्यास्ताच्या उजेडात, शांत पाण्यावर चित्रित केले. राक्षसाला हलवणाऱ्या तारा दिसू लागल्या, आतले भरण पाणी पिऊन जड झाले आणि भयानकाचे हास्यास्पद झाले. तेव्हा ते चित्रण टाकून दिले. नवा स्क्विड बांधला आणि रात्र, वादळ, वारा व लाटा यांच्यात सगळे पुन्हा घेतले. खर्च भयंकर वाढला, पण अंधारात आणि उसळत्या पाण्यात तारा लपल्या व भीती उभी राहिली. तो स्क्विड बांधण्यात पुढाकार असलेल्या रॉबर्ट मॅटी यांनीच पुढे 1975 सालच्या 'जॉज' चित्रपटाचा यांत्रिक शार्क बनवला. आज यंत्रगणकावर हवा तो समुद्र उभा करता येतो. तरीही या झुंजीत पाण्याचा मार खाणारी माणसे खरी आहेत, हे डोळ्याला कळते. श्रम खरे असले की ते जुने झाले तरी खोटे दिसत नाहीत.

आता याच संदर्भात एक कडू गोष्ट. 1955 साली या चित्रपटाला दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. एक विशेष दृश्यांसाठी आणि दुसरे कलादिग्दर्शनासाठी. कलादिग्दर्शनाच्या पारितोषिकावर हार्पर गॉफचे नाव नव्हते. का? कलादिग्दर्शकांच्या युनियनचे कार्ड त्याच्याजवळ नव्हते! ज्याने बोट कल्पिली तो बाहेर राहिला आणि नियम पाळला गेला.

युनियनच्या माणसाने ही गोष्ट सांगावी की गिळावी? आमच्या मते सांगावी. मात्र सांगताना दुसरी बाजूही सांगावी. याच डिस्ने कंपनीत 1941 साली चित्रे काढणाऱ्या कामगारांनी मोठा संप केला होता. पगारात मनमानी होती, पडद्यावर नाव येणे मालकाच्या मर्जीवर होते आणि युनियनचे काम करणाऱ्यांना कामावरून काढले गेले होते. पुढे 1947 साली डिस्ने यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन त्या संपाचे खापर कम्युनिस्टांवर फोडले. तेव्हा कार्डाचा नियम काही उगाच जन्मला नाही. ज्याचे काम त्याचे नाव लागावे, कोणी उपऱ्याने स्वस्तात घुसून दुसऱ्याची भाकरी काढून घेऊ नये, यासाठीच तो होता. परंतु ज्याचे नाव लागावे म्हणून नियम केला, त्याचेच नाव नियमाने पुसले, तर नियमाने आपले घर सोडले असे म्हणावे लागते. अशा वेळी संघटनेने गॉफला बोलावून कार्ड द्यायला हवे होते. बाहेर राहिलेल्या कामगाराला आत घेणे हे युनियनचे पहिले काम. दार लावून घेणे हे पहारेकऱ्याचे काम झाले. आपल्याकडे कायम कामगारांची युनियन फाटकाच्या आत आणि तेच काम करणारा कंत्राटी कामगार फाटकाबाहेर, हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. गॉफची गोष्ट म्हणूनच आम्हांला परदेशातली वाटत नाही.

दुसरे कारण कथेतल्या वादाचे. चांगला आणि वाईट यांची लढाई मुलांना आवडते आणि मुले मोठी झाली की ती विसरतात. या चित्रपटात चार माणसे एका लोखंडी खोलीत कोंडली आहेत आणि चौघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. नेमोला न्याय हवा आहे, नेडला सुटका हवी आहे, प्राध्यापकाला ज्ञान हवे आहे आणि नोकर बिचारा या ओढाताणीत कोणाच्या बाजूला जावे ते पाहतो आहे.

नेमोचा राग कुठून आला? चित्रपटात तो प्राध्यापकाला रोरापांडी नावाच्या बेटावर नेऊन लांबून एक दृश्य दाखवतो. कैदी चाबकाखाली ओझी वाहत आहेत. खाणीतला माल जहाजात भरला जात आहे. त्यापासून दारूगोळा होणार आहे. नेमो स्वतः एकदा त्यांच्यातला एक होता. त्याने आपले शोध त्या राष्ट्राच्या हवाली करावेत म्हणून त्याच्या बायकोचा आणि मुलाचा छळ करून जीव घेतला गेला. ही छळछावणी व्हर्नच्या कादंबरीत नाही. दुसऱ्या महायुद्धाला जेमतेम नऊ वर्षे झाली असताना चित्रपट लिहिणाऱ्यांनी ती घातली, आणि तेव्हाच्या प्रेक्षकाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

कादंबरीतल्या नेमोची हकीकत तर आपल्याला अधिक जवळची आहे. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता. 1863 च्या पोलिश उठावात रशियाने ज्यांना चिरडले त्यांच्यापैकी. प्रकाशक हेत्झेल यांना ते परवडणारे नव्हते, म्हणून नेमोचा देश गुलदस्त्यात राहिला. पण त्याच्या खोलीतल्या भिंतीवर पोलंडचा कोश्चुश्को, आयर्लंडचा ओ'कॉनेल, अब्राहम लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध उठून फासावर गेलेला जॉन ब्राउन यांच्या तसबिरी व्हर्नने लावल्या. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्याला नेमो शार्कच्या जबड्यातून वाचवतो आणि मोत्यांची थैली त्याच्या हाती देतो. मग 1875 साली पूर्ण झालेल्या 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत उलगडा झाला की, नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, 1857 च्या उठावात लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला! डक्कर हे नाव बुंदेलखंडात कोणी ठेवील असे वाटत नाही. शिवाय व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा पुतण्याही करून टाकले आहे. नावगावाचा घोळ आपण लेखकाला माफ करू. इंग्रजी साम्राज्य ऐन भरात असताना एका फ्रेंच लेखकाने जगातल्या सर्वांत बुद्धिमान यंत्रज्ञाला 1857 चा हिंदी बंडखोर ठरवले, ही गोष्ट लहान नाही.

1916 सालच्या मूकपटात नेमो हिंदी राजपुत्रच होता. 1954 च्या चित्रपटात ते गेले. 2003 साली दुसऱ्या एका चित्रपटात आपल्या नसीरुद्दीन शाह यांनी नेमो रंगवला. अलीकडे ईस्ट इंडिया कंपनीशी झुंजणाऱ्या हिंदी नेमोवर 'नॉटिलस' ही मालिका तयार झाली. डिस्ने कंपनीनेच ती करवून घेतली, 2023 साली सोडून दिली आणि 2024 साली ती दुसऱ्यांनी दाखवली. नेमोला त्याचे घर मिळायला असा वेळ लागतो आहे.

असो. तक्रार खरी आहे एवढ्याने नेमोचे सगळेच खरे ठरते काय? ज्या जहाजांना तो बुडवतो त्यांच्यावरचे खलाशी कोण असतात? पोटासाठी चाकरी करणारी माणसे. रोरापांडीचा कैदी माल भरतो आणि खलाशी तो वाहून नेतो. मालाचा धनी दोघांचाही नाही, तो किनाऱ्यावर सुखरूप आहे. नेमोचा सूड धन्यापर्यंत पोहोचतच नाही, तो वाटेतल्या मजुराला बुडवतो. दिग्दर्शकाने हे झाकलेले नाही. जहाज बुडाल्यावर नेमोच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही.

या वादाचा पेच शेवटाकडे अधिकच घट्ट होतो. नेडने चोरून बाटल्यांत चिठ्ठ्या घालून नेमोच्या गुप्त बेटाचा ठावठिकाणा समुद्रात सोडून दिला आहे. इकडे स्क्विडच्या विळख्यातून नेमोला वाचवतो तोही नेडच, ज्याला नेमोने कोंडून ठेवले होते! तो प्रसंग नेमोला हलवतो. जगाशी बोलणी करावीत असे त्याच्या मनात येते. आणि बेटाजवळ यावे तो बाटल्या आपले काम करून गेलेल्या. युद्धनौकांनी बेटाला वेढा घातला आहे. वाटाघाटींचे मेज मांडण्याआधीच ते उधळले गेले. श्रोतेहो, ज्यांनी कधी करारासाठी बैठका केल्या आहेत त्यांना हे दृश्य पाहून घाम फुटेल. एका बाजूने हात पुढे करावा आणि त्याच दिवशी दुसऱ्या बाजूची नोटीस दारावर लागावी, असे कितीदा झाले आहे! नेडला दोष द्यावा, तर तो कैदी होता आणि त्याला कोणी विश्वासात घेतले नव्हते. नेमोला दोष द्यावा, तर तो बदलत होता. दोघांना जोडणारे माणूस मध्ये नव्हते, म्हणून सगळे बुडाले.

तिसरे कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते, पण त्याच्यावर बोलताना कोणी फारसे दिसत नाही. ते म्हणजे नॉटिलसचे खलाशी. यंत्र चालवणारे तेच, स्क्विडशी लढणारे तेच, समुद्राच्या तळाशी आपल्या मृत सोबत्याला पुरणारे तेच. बहुतेकांची नावे आपल्याला कळतही नाहीत. नेमो स्वतःला 'कोणी नाही' म्हणवतो, पण 'कोणी नाही' हे तरी त्याला नाव आहे. शेवटी पाठीत गोळी लागलेला नेमो जाहीर करतो की, नॉटिलस आता अखेरची खाली जाणार. त्याने विचारले नाही, सांगितले. एक सहकारी सर्वांच्या वतीने संमती देतो आणि सारे शांतपणे आपापल्या खोल्यांत मरायला जातात.

लहानपणी हे दृश्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. आमच्याही येते. पण संघटनेत तीस वर्षे घालवल्यावर डोळे पुसून एक प्रश्न विचारावासा वाटतो : यांची सभा कधी झाली? नेमोचे दुःख त्यांचे दुःख होते, हे खरे. तेही त्या बेटावरून सुटलेले होते. पण दुःख एक असले म्हणून निर्णय एकट्याने घ्यावा काय? फाटकावर आम्ही असे पुढारी पाहिले आहेत, ज्यांची जखम खरी होती, बुद्धी तेज होती, त्याग निर्विवाद होता. आणि त्यामुळेच त्यांना कोणी प्रश्न विचारला नाही. लोकांनी डोळे मिटून मागे जावे इतका मोठा पुढारी झाला की, त्याच्या रागाची किंमत त्याच्या मागच्या बायकामुलांना भरावी लागते. संप पुकारायला निष्ठा पुरते, तो मागे केव्हा घ्यावा हे ठरवायला मात्र सभा लागते.

याच्या उलट एक दृश्य चित्रपटाच्या सुरुवातीला आहे, ते आपण नीट पाहा. नेमोला फक्त प्राध्यापक हवा असतो. नेड आणि नोकर यांना तो बोटीच्या पाठीवर उभे करतो आणि बोट पाण्याखाली नेऊ लागतो. प्राध्यापकाला आत राहण्याची मुभा आहे; समुद्राचे सारे ज्ञान त्याला खुले होणार आहे. तो ते नाकारतो आणि बाहेर जाऊन त्या दोघांच्या शेजारी उभा राहतो. पाणी गळ्याशी येते. आणि नेमो बोट वर काढतो. एवढ्या बलाढ्य कप्तानाला तोफांनी नमवले नाही. ज्याला सवलत देऊ केली होती त्याने ती एकट्यासाठी घेतली नाही, म्हणून तो नमला. एकजूट शिकवायला आम्ही वर्षानुवर्षे जी भाषणे केली, त्यांपेक्षा ही दोन मिनिटे अधिक शिकवतात, असे आम्ही प्रांजळपणे म्हणू.

चित्रपट निघाला त्याच वर्षी, सप्टेंबर 1954 मध्ये, अमेरिकेच्या नौदलात जगातली पहिली अणुशक्तीची पाणबुडी दाखल झाली. तिचे नावही नॉटिलस! नेमोच्या बेटाचा स्फोट होतो तेव्हा आकाशात जो छत्रीसारखा ढग उठतो, तो पाहून तेव्हाच्या प्रेक्षकाला हिरोशिमा आठवल्यावाचून राहिले नसेल. शक्ती सापडली आहे, पण ती कोणाच्या हाती द्यावी हे ठरलेले नाही, हा 1954 चा प्रश्न होता. शक्तीची नावे बदलली, प्रश्न तोच आहे. आज कारखान्यात माणसाच्या जागी विचार करणारे यंत्र येते आहे, तेव्हाही आम्ही तेच विचारतो की, या यंत्राच्या चाकावर हात कोणाचा असणार?

चित्रपट नेमोला अखेरचे शब्द देतो ते आशेचे. जग योग्य झाले म्हणजे हे सारे केव्हा तरी घडून येईल, असा त्यांचा भावार्थ आहे. वाक्य मोठे गोड आहे, परंतु आमचे समाधान तेवढ्याने होत नाही. जग आपोआप योग्य होत नसते. ते करावे लागते. ज्ञान असलेला प्राध्यापक, स्वातंत्र्यासाठी तडफडणारा नेड, अन्यायाने पेटलेला नेमो आणि चाके फिरवणारे ते निनावी खलाशी, या सर्वांना एका मेजाभोवती बसवण्याचे काम चित्रपटात राहून गेले. ते राहून गेले म्हणूनच कदाचित प्रत्येक पिढी ही कथा पुन्हा पाहते आणि मनातल्या मनात ती पुरी करू बघते.

हा चित्रपट आपण घरी मुलांबरोबर अवश्य पाहा. मुले स्क्विडला भितील, भिऊ द्या. पण शेवटी बोट बुडताना त्यांना इतकेच विचारा की, त्या खलाशांना कोणी विचारले असते, तर ते काय म्हणाले असते? पोरे काय उत्तर देतात ते ऐकण्यासारखे असेल.